उरलेला एक लिटर

पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं कोठार मी एकतीस वर्षं सांभाळतोय. या एकतीस वर्षांत माझ्या मोजणीत एक वॉशर कमी निघालेला नाही. एकदा एक जास्त निघाला होता. पण तो वॉशर नव्हता, माझ्याच शर्टाचं बटण होतं, असं चौकशीअंती सिद्ध झालं. तेव्हा कोठार भरलेलं आहे की रिकामं, हे मला कुणी शिकवायला नको अशी माझी समजूत होती. आता आपल्या भाषेनं एक खोडी करून ठेवली आहे. माल ठेवायचा तो कोठा, आणि माणसाच्या पोटात असतो तोही कोठाच. पहिल्यातलं मला सगळं कळतं, म्हणजे दुसऱ्यातलंही कळत असणार, असं मी धरून चाललो. पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दाचा.

आमचा दादा दोन वर्षांपूर्वी गेला. आतड्याच्या कर्करोगानं. त्याआधी दीड वर्ष तो "मूळव्याध असेल" म्हणत होता आणि आम्ही "असेल" म्हणत होतो. मलम मीच आणून द्यायचो. तीन ट्यूबा संपल्या, चौथी अर्धी राहिली. ती अजून आमच्या कपाटात आहे. बायको ती टाका म्हणत नाही आणि मी टाकत नाही.

दादाच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की हे घराण्यात उतरू शकतं, सख्ख्या भावंडांनी दुर्बिणीनं आतडं तपासून घ्यावं. भावंडं म्हणजे आम्ही दोघंच उरलो, ताई आणि मी. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आता निवृत्त होऊन दुसऱ्या गावी एकटी राहते. लहानपणी मी जिना चढताना पायऱ्या मोजायचो म्हणून ती मला मोज्या म्हणते. मला सत्तावन्न पूर्ण झाली. अजून मोज्याच.

दोन वर्षं आम्ही "घेऊ की तपासून" म्हणत काढली. मग एके दिवशी फोनवर बोलता बोलता ताई म्हणाली, हल्ली जिना चढताना दम लागतो, रक्त कमी भरलंय म्हणे. दादाचंही आधी रक्तच कमी भरलं होतं. त्या दिवसापासून मी एकच ध्यास घेतला, ताईला तपासणीला उभं करायचं.

"मला नाही बाई जमायचं," ती म्हणाली. "परक्या माणसापुढे असलं काही."

"डॉक्टर बाई आहेत, ताई. दुर्बीणही स्त्रीलिंगी आहे. आणखी काय हवं तुला?"

"जीभ चालतेय तुझी. तू घेतलीस का तपासून?"

"आधी तुझी होऊ दे. रक्त तुझं कमी आहे."

असे अकरा फोन झाले. बाराव्याला ती म्हणाली, "बरं. पण एका अटीवर. दोघांची एकाच दिवशी. आणि तू जे करशील तेच मी करीन. तू घोट घेतलास की मी घेणार. तू मधेच सोडलंस की मीही सोडलं."

"मी सोडीन? मी?"

"आपलं स्पष्ट असलेलं बरं."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "आणलं की नाही ताईला वळणावर?" बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "हो, आणलं खरं वळणावर." कुणाला, ते म्हणाली नाही. हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस गेले.

या तपासणीत दुर्बीण फार अवघड नसते म्हणतात. अवघड असते ती आदल्या दिवशीची तयारी. आतडं धुऊन लख्ख करायचं. त्याच्या पद्धती अनेक, आणि अनेकांतून एक निवडायची म्हटलं की माझ्या हातात आपोआप फूटपट्टी येते. मी तक्ता आखला. पद्धत, किती प्यायचं, चव, फेऱ्या, कितव्या तासाला सुटका, शेरा. सहा रकाने. मग कारखान्यात ज्यांची ज्यांची तपासणी झाली होती त्यांना गाठायला लागलो.

रंगखात्याच्या फोरमननं मोठ्या डब्यातली पावडर घेतली होती. सोमवारी त्यानं चार लिटर प्यायल्याचं सांगितलं. मंगळवारच्या जेवणाच्या सुट्टीत ते साडेचार झालं, शुक्रवारपर्यंत साडेपाच. मी चारवर कायम राहिलो. टाइमकीपरनं छोट्या बाटल्या घेतल्या होत्या. "बाटली दिसते एवढीशी," तो म्हणाला, "पण तिच्यावर किती पाणी प्यायचं ते मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं. आणि चव म्हणशील तर लिंबाचं सरबत, समुद्रात बुडून गेलेलं." मी चवीच्या रकान्यात 'खारट' एवढंच लिहिलं. त्याला ते फार लागलं.

गोळ्यांची पद्धत फक्त आमच्या साहेबांना ठाऊक होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून पाऊण तास सांगितलं. एवढ्या जिव्हाळ्यानं ते माझ्याशी एकतीस वर्षांत बोलले नव्हते. शेवटी मी खात्री करून घ्यावी म्हणून टिपलेलं जरा मोठ्यानं वाचलं, "म्हणजे कोठा पूर्ण रिकामा. शिल्लक काही ठेवायचं नाही."

"काही नाही," साहेब म्हणाले. "चोवीस तासांत साफ."

दाराबाहेर सह्यांसाठी थांबलेल्या टाइपिस्टबाईंनी नेमकं एवढंच ऐकलं.

तीन वाजता युनियनचे सेक्रेटरी चाळीस माणसं घेऊन माझ्या खिडकीशी उभे.

"कोठा रिकामा करताय म्हणे. चोवीस तासांत."

"हो," मी म्हणालो, "पण माझा."

"तुमचा कसा? कामगारांच्या घामानं भरलाय तो."

आता हे वाक्य ऐकल्यावर खुलासा करणं भाग होतं. मी केला. चाळीस माणसांपुढे, खिडकीतून, तक्ता हातात धरून. मग सेक्रेटरी खिडकीशी वाकले आणि हळूच म्हणाले, "गोळ्यांनी की पावडरीनं? माझी मागच्या वर्षी झाली." माणसं पांगली, पण सहाजण मागे रेंगाळले. प्रत्येकाजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं. मला वाटायचं, या विषयाची लोकांना लाज वाटते. तसं काही नाही. कुणी विचारत नाही, म्हणून बोलत नाहीत. आणि एकदा बोलायला लागले की आपलीच पद्धत सगळ्यांत भयंकर होती, हा मान कुणी दुसऱ्याला द्यायला तयार नसतो.

संध्याकाळी मी भरलेला तक्ता बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावून नीट वाचला.

"छान आहे. पण यात पुढे काय निघालं त्याचा रकाना कुठाय?"

"तो तयारीच्या तक्त्यात येत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि चष्मा काढून ठेवला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनीही तक्ता शेवटपर्यंत वाचला. अशी माणसं मला आवडतात. मी विचारलं, "तर यातली सगळ्यात चांगली पद्धत कुठली?"

"जी पूर्ण घेतली जाते ती," त्या म्हणाल्या. "तुमचा एक रकाना राहिलाय." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्या तक्त्याच्या उजव्या कडेला, पट्टी न लावता, सातवी रेघ ओढली. वर लिहिलं: 'पूर्ण घेतलं? हो / नाही.'

रेघ वाकडी आली होती.

मग त्यांनी दोघांनाही एकच पावडर लिहून दिली. दोन पुड्या, दोन लिटर पाणी. एक लिटर आदल्या दिवशी संध्याकाळी, दुसरा तपासणीच्या दिवशी पहाटे. पंधरा दिवसांचा माझा अभ्यास त्यांनी दोन ओळींत निकालात काढला.

तपासणीच्या आदल्या दिवशी ताई बॅग घेऊन आमच्याकडे आली. त्या दिवशी जेवण नाही, फक्त पारदर्शक पेयं, असं कागदावर लिहिलं होतं. पारदर्शक म्हणजे किती, याची व्याख्या मी केली: ग्लासामागे वर्तमानपत्र धरायचं आणि अग्रलेख वाचता आला पाहिजे. सफरचंदाचा रस पास झाला. डाळिंबाच्या रसात मथळासुद्धा दिसेना.

आता आमची खरी अडचण अशी की घरात संडास एकच. त्यासाठी माझ्याकडे आकडेवारी होती. औषधाचा परिणाम सरासरी एका तासानं सुरू होतो. तेव्हा ताईनं साडेचारला प्यायला लागायचं, मी सहाला. गर्दीचा प्रश्नच नाही.

"छे," ताई म्हणाली. "आपलं ठरलंय. तू घेशील तेव्हाच मी घेणार."

"अगं पण संडास एक आहे."

"अट पण एकच आहे."

मग मी वेळापत्रक केलं. तासाची पहिली आणि तिसरी पंधरा मिनिटं माझी, दुसरी आणि चौथी ताईची. संडासाच्या दाराला चिकटवलं. पाच वाजता आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो आणि पहिला ग्लास उचलला. चव कशी म्हणाल, तर पाण्यापुढे कुणीतरी संत्र्याचं नुसतं नाव घेतलं असावं आणि मीठ मात्र खरोखरचं घातलं असावं. दुसऱ्या ग्लासाला ताईनं डोळे मिटले. तिसऱ्याला म्हणाली, "दादाला हे दोनदा प्यावं लागलं होतं. एका शब्दानं बोलला नाही रे."

मी ग्लास संपवला. चव कशी होती ते या खेपेला लक्षात राहिलं नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दोघं एकाच वेळी उठलो.

"ताई, पहिली पंधरा मिनिटं माझी."

"पोटाला घड्याळ कळत नाही, मोज्या. हो बाजूला."

दार माझ्या तोंडावर लागलं. दारावरचं वेळापत्रक माझ्या नाकापासून चार बोटांवर होतं आणि त्यात माझंच नाव होतं. पण हक्क सिद्ध करायला वेळ नव्हता. आमच्या खालच्या मजल्यावर एक शिवणबाई राहतात. त्यांच्या घरापर्यंत चौदा पायऱ्या आहेत. त्या दिवशी त्या मी जन्मात पहिल्यांदा न मोजता उतरलो. शिवणबाई एका गिऱ्हाइकाचं माप घेत होत्या. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना मला काही विचारता आलं नाही. माझा चेहरा पाहून त्यांनी नुसता टेपेचा हात आतल्या दिशेला केला. फार समजूतदार बाई.

समजूतदारपणा तिथेच थांबता तर बरं झालं असतं. तासाभरात त्यांच्या डोक्यावर, म्हणजे आमच्या घरी, अकरा वेळा फ्लश झाला. शिवाय मी खाली जाऊन आलो तो बारावा. वरच्यांचा पाईप तुंबलाय, माणसं लाजेनं सांगत नाहीत, असा अर्थ काढून त्यांनी परस्पर प्लंबरला बोलावलं. साडेसात वाजता दारात एक गृहस्थ, खांद्यावर स्प्रिंगचं वेटोळं.

"कुठे तुंबलंय?"

"कुठेच नाही," मी म्हणालो. "उलट."

"लाजायचं काय त्यात? तासाभरात बारा वेळा पाणी सोडलंत. तुंबल्याशिवाय कोण सोडतं?"

आतून ताईचा आवाज आला. "मोज्या, कोण आहे?"

"प्लंबर!"

"त्याला सांग, इथे अगदी व्यवस्थित वाहतंय."

पण कामाला हात लावण्याआधी इमारतीचा मुख्य कॉक बंद करायचा, ही त्या माणसाची शिस्त होती, आणि तो तो बंद करूनच वर आला होता. हे आम्हाला दोन मिनिटांनी कळलं, ताई आतून "पाणी गेलं" म्हणाली तेव्हा. बायकोनं स्वयंपाकघरातलं भरून ठेवलेलं पिंप रिकामं करून दोन बादल्या दाराशी नेल्या. प्लंबर जिन्यावरून धावत खाली गेला. मी खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून भिंतीकडे बघत बसलो. एकतीस वर्षांत मालाची एवढी घाईची मागणी माझ्या खिडकीवर कधी आली नव्हती.

पाणी आलं. ताई आली. मी गेलो आणि आलो. प्लंबर बिचारा ओशाळून टेबलाशी बसला होता; बायकोनं त्याला चहा दिला आणि सगळी हकिकत सांगितली. ऐकून त्यानं गंभीरपणे मान हलवली.

"साहेब, एक सांगू? पाईपचं पण असंच असतं. एकदा पाणी सोडलं की खाली स्वच्छ यायला लागतं. माणसाला वाटतं, झालं काम. पण वरनं गाळ सुटून खाली यायला वेळ लागतो. म्हणून सोडायचं, थांबायचं आणि परत सोडायचं. दुसऱ्या खेपेला जे येतं ते खरं."

"हो, हो," मी म्हणालो. मनात म्हणालो, हा पाईपांचा माणूस. पाईप वाहतो, कोठार एका जागी असतं. त्याची न् माझी विद्या वेगळी.

साडेआठपर्यंत माझ्या बाजूनं सगळं पारदर्शक झालं. अग्रलेख वाचता आला असता. मी तक्ता काढला, माझ्या नावापुढे लिहिलं: 'कोठा रिकामा.' खाली सही, तारीख, वेळ. माझ्या धंद्यात एकदा ही सही झाली की विषय संपतो.

आणि म्हणून पहाटे साडेपाचला, दुसरी पुडी हातात घेऊन ओट्यापाशी उभा असताना, मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला: रिकाम्या कोठ्यात झाडूवाला पाठवतात का? जो माल लागणार नाही तो खर्ची घालणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पण ताईची अट होती. मी सोडलं की ती सोडणार. तिचं रक्त कमी. तेव्हा मी माझ्या जगमध्ये नुसतं पाणी भरलं. पाणी पारदर्शक, औषध पारदर्शक, कुणाला कळणार? पुडी फेकवली नाही, माल फेकायचा हात नाही माझा. कपाटात ठेवली. जागा होती ती दादाच्या अर्ध्या ट्यूबशेजारी. मी कपाट जरा घाईनंच लावलं.

ताई समोर येऊन बसली. "झालं तुझं कालवून?"

"झालं."

"घे मग."

मी प्यायलो, ती प्यायली. चार ग्लास मी, चार ग्लास ती. दर ग्लासाला तिचा चेहरा वाळत घालायच्या फडक्यासारखा पिळला जात होता. तिसऱ्या ग्लासाला ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली, मग उरलेलं एका दमात प्यायली. मला तिचं कौतुक वाटलं. मनात म्हटलं, मी नसतो तर हिनं हे केलं असतं का?

दवाखान्यात अकरा वाजता ताईला आत नेलं. मी बाहेर बाकावर. माझ्या शेजारी बायको. भिंतीवर आतड्याचं रंगीत चित्र होतं. त्यातली वळणं मी मोजायला घेतली आणि दर वेळी आकडा वेगळा आला. पाऊण तासानं मला आत घेतलं. सुई टोचली, सिस्टर म्हणाल्या दहापासून उलट मोजा. एवढी सोपी मोजणी मला कुणी दिली नव्हती. सातपर्यंत पोचलो.

जाग आली तेव्हा डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या.

"तुमची तपासणी होऊ शकली नाही. आतडं स्वच्छ नव्हतं. थोडं आत जाऊन परत आलो."

"असं कसं? काल साडेआठला कोठा रिकामा होता. माझी सही आहे."

"काल होता. पण वरून रात्रभर रस येत राहतो, तो साचतो. म्हणून तर पहाटेचा लिटर. घेतलात ना?"

मी छताकडे बघितलं. माझ्या खात्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच धडा देतो: मोजणी झाल्यावर आलेली आवक विसरू नकोस, तिथेच सगळे फसतात. एकतीस वर्षं हा धडा मी देतोय. दरवाजा बंद, शटर खाली, सही झालेली, आणि मागच्या दारानं माल येतच होता.

"तक्ता आणलाय का?" त्यांनी विचारलं.

आणला होता. त्यांनी सातव्या रकान्यात, माझ्या नावापुढे, 'नाही' वर गोल केला. शाईनं.

"ताईचं?" मी विचारलं.

"त्यांची तयारी उत्तम. म्हणून दिसले. दोन पॉलिप होते, म्हणजे आतून उगवलेले कोंब. मोठ्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. दोन्ही काढले. आणखी पाच-सहा वर्षं राहिला असता तर कदाचित वेगळं बोलावं लागलं असतं. तपासायला पाठवतोय, पण मला काळजी वाटत नाही."

मी पडून राहिलो. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं, ते भुलीच्या औषधानं येतं असं म्हणतात.

पडद्यापलीकडच्या खाटेवर ताई होती. थोड्या वेळानं तिनं पडदा सरकवला.

"मोज्या, तुझं झालं नाही म्हणे."

"नाही."

"होणार कसं? पाणी प्यायलास."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"पुडी फाडल्याचा आवाज आला नाही. तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेय मी, बंद दारातून ऐकू येतं मला. शिवाय पाणी पिताना तुझा चेहरा पाण्यासारखाच होता. काल तोच चेहरा हिरवा झाला होता."

"मग तू का प्यायलीस? अट होती ना. मी सोडलं की तू सोडणार."

ताई छताकडे बघून हसली. "वेडा रे वेडा. माझी तारीख मी त्याआधीच घेऊन ठेवली होती. रक्त कमी झाल्यावर कोण थांबतं? अट तुझ्यासाठी घातली. नाहीतर मला आत पाठवून तू बाहेर तक्ता घेऊन बसला असतास. तुझी बायको दर आठवड्याला फोन करून म्हणायची, ताई, दादा गेल्यापासून हे त्या विषयावर फक्त दादांबद्दल नाहीतर तुमच्याबद्दल बोलतात, स्वतःचं नाव घेत नाहीत, काहीतरी करा."

मी बायकोकडे बघितलं. ती पिशवीतून बिस्किटं काढत होती.

"बारा फोन मी केले," मी म्हणालो.

"हो," ताई म्हणाली. "फार वाट बघायला लावलीस."

पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. ताईला मी घरी जा म्हटलं, ती गेली नाही. "आता मला काय काम आहे?" म्हणाली. बुधवारी संध्याकाळी कपाटातली पुडी आधी काढली. आधी आलेला माल आधी बाहेर, हा नियम आहे. संडास पूर्णवेळ माझा. शिवणबाईंना बायकोनं आगाऊ सांगून ठेवलं. तरीही सात वाजता प्लंबर येऊन गेला, पण नुसता चौकशीला.

"दोनदा सोडणार ना?" त्यानं दारातूनच विचारलं.

"दोनदा," मी म्हणालो.

गुरुवारी पहाटे साडेपाचला मी दुसरी पुडी फाडली. जरा जोरात, आवाज जावा म्हणून. टेबलाशी आलो तर ताई समोर बसलेली, पुढ्यात जग आणि ग्लास.

"तू काय पितेस?"

"पाणी," ती म्हणाली. "मागच्या वेळी तू सोबत केलीस ना मला."

मी ग्लास उचलला, तिनं उचलला. प्यायलो. आणि काय सांगू, नुसतं पाणी पिऊन त्या बाईनं असं तोंड वाकडं केलं, अशी शिसारी दाखवली, की औषध मला त्यामानानं बरं लागलं. चारही ग्लासांना तिनं तोंड वाकडं केलं. प्रत्येक वेळी वेगळं. चौथ्याला मला हसू फुटलं आणि थोडं औषध नाकात गेलं. पण डॉक्टर म्हणाल्या, तेवढं चालतं.

माझ्यात काही निघालं नाही. ताईचा अहवालही चांगला आला. तीन वर्षांनी दोघांनी परत यायचं आहे. मी तक्ता नव्यानं आखायला घेतला, आठ रकाने, आठवा 'काय निघालं?' पण सातव्यातला तो गोल काही नव्या कागदावर उतरवता येईना, म्हणून जुनाच ठेवला. कारखान्यात त्याची नक्कल आता रंगखात्यापासून टाइमकीपरपर्यंत फिरते आहे. माझ्या नावापुढे गोल का, असं नवा माणूस विचारतो. मी म्हणतो, छपाईचा दोष.

त्याच रविवारी मी घरातल्या कपाटाची मोजणी केली. सगळं बरोबर भरलं. मलमाची अर्धी ट्यूब तेवढी एक कमी निघाली. एकतीस वर्षांतली ही पहिलीच तूट. बायकोनं पाहिलं, पण विचारलं नाही, आणि मीही चौकशी लावली नाही. ट्यूब कुणी बाहेर काढली हे कोठारवाल्याला ठाऊक असतं.